रक्त न मागता

फॉर्मवरच्या नवव्या रकान्यापाशी डॉ. रेवती नांद्रेकरांचं पेन थांबलं.

"मालनताई, इथं रक्तदात्याचं नाव लिहायचं असतं. इतरांचा रकाना आम्ही आता रिकामाच सोडतो. तुमच्या बाबतीत मला विचारावं लागेल. कोण आहे?"

"कोणी नाही," मालन बाबर म्हणाली.

"मामा आहे," शेजारी बसलेली तिची मुलगी केतकी म्हणाली.

"नाही म्हटलं ना."

डॉक्टरांनी दोघींकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

मालन बासष्ट वर्षांची होती. विट्याच्या एसटी डेपोत तिनं तेहेतीस वर्षं कंडक्टर म्हणून काढली होती. आयुष्य उभ्यानं गेलं. निवृत्तीनंतर चार वर्षांत उजवा गुडघा असा बसला, की घराच्या दोन पायऱ्या उतरायला तिला भिंत धरावी लागायची. गेल्या आठ महिन्यांत ती फाटकाबाहेर पडली नव्हती. रस्त्यापलीकडच्या घरात बारसं होतं, तिथंही गेली नाही. शेवटी केतकीनं तिला मिरजेच्या या संधिसेवा रुग्णालयात आणलं.

गुडघा बदलणं २०३९ साली नवलाचं राहिलं नव्हतं. अडचण होती ती मालनच्या रक्तगटाची.

माणसाच्या तांबड्या पेशींवर साखरेच्या रेणूंची एक छोटी साखळी असते. तिला एच म्हणतात. तिच्या टोकाला एक विशिष्ट साखर जोडली गेली की ए गट होतो, दुसरी जोडली गेली की बी, काहीच जोडलं नाही तर ओ. पण मुळात ही साखळीच नसलेली माणसंही असतात. आपल्याकडं दहा हजारांत एखादं. हा गट पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून त्याचं नाव बॉम्बे रक्तगट. साध्या तपासणीत तो ओ सारखाच दिसतो आणि घात तिथंच होतो. अशा माणसाचं शरीर एच साखळीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतं, त्यामुळं एरवी सगळ्यांना चालणारं ओ गटाचं रक्तही त्याच्या जिवावर उठतं. त्याला चालतं ते फक्त त्याच्यासारख्याच माणसाचं रक्त. असा माणूस शोधायचा तर आधी सख्ख्या भावंडांत शोधतात, कारण हा गट आई आणि वडील दोघांकडून वारशानं यावा लागतो.

मालनला भावंड एकच होतं. प्रल्हाद निकम, तिच्याहून तीन वर्षांनी लहान.

छत्तीस वर्षांपूर्वी केतकीच्या जन्माच्या वेळी सांगलीच्या दवाखान्यात मालनचा रक्तस्राव थांबेना. रक्तपेढीतल्या एका सावध बाईंच्या लक्षात आलं, की एकही पिशवी हिच्याशी जुळत नाही. प्रल्हाद तेव्हा हुबळीत गलाईच्या दुकानात होता. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं हे काम. विट्याच्या आसपासची कितीतरी पोरं त्यासाठी देशभर पांगलेली. दुपारी फोन गेला आणि हात न धुता तो तिथून निघाला. मिळेल त्या ट्रकनं संध्याकाळपर्यंत सांगलीत पोचला. रक्त जुळलं. मालन वाचली.

त्या दिवसापासून प्रल्हादचं नाव दुर्मीळ रक्तदात्यांच्या यादीत गेलं. पुढं जिथून बोलावणं येईल तिथं तो गेला. पुणे, रत्नागिरी, एकदा थेट हैदराबाद. एक्केचाळीस वेळा त्यानं रक्त दिलं.

आणि हाच प्रल्हाद केतकीच्या लग्नाला आला नाही. नवरामुलगा सुबोध दुसऱ्या जातीतला होता. "मी आलो तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अक्का," असं तो फोनवर म्हणाला होता. मालननं फोन ठेवला. त्याला अकरा वर्षं झाली. तो भाळवणीत, ती विट्यात, मध्ये जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. तरी एक शब्द झाला नव्हता.

"रक्त लागतच नाही असं पेपरात होतं," मालन डॉक्टरांना म्हणाली. "म्हणूनच मी इथं आले. तेवढ्यासाठीच."

नांद्रेकरांनी टेबलावरचं हाडाचं प्रतिरूप पुढं ओढलं. पन्नाशीच्या, बुटक्या, हातानं बोलणाऱ्या बाई होत्या त्या.

"हे बघा. गुडघा बदलताना मांडीच्या हाडाचं हे टोक आणि नडगीचं हे डोकं आम्ही कापून सपाट करतो. आत हाड कसं असतं? पावासारखं, सगळं छिद्रांचं. त्या छिद्रांत रक्त. एखादी शीर असेल तर बांधता येते. पण पावाला कुठं बांधणार? मांडीला पट्टा आवळलेला असतो तोवर सगळं कोरडं दिसतं. पट्टा सोडला की झिरपायला लागतं. शरीर गुठळी करतं, पण शरीरच ती विरघळवूनही टाकतं. वरून टाके घातले तरी आत दोन दिवस झिरपत राहतं, आणि ते कुणाला दिसत नाही. गुठळी लवकर विरघळू नये म्हणून एक औषध आहे, जुनं आणि चांगलं. त्यानं रक्त जाणं पुष्कळ कमी झालं. तरी अर्धा लिटर जायचंच, कधी जास्त."

"आणि हे नवीन?"

"आम्ही त्याला बांध म्हणतो. हे एक जेल आहे. सिरिंजमध्ये पाण्यासारखं असतं. प्रथिनांचे अगदी लहान तुकडे. रक्तातल्या क्षारांशी गाठ पडली की ते एकापुढं एक रांगेत लागतात आणि चाळीस सेकंदांत त्यांची जाळी होते. इतकी बारीक, की तांबडी पेशी पलीकडं जात नाही. हाडाची छिद्रं बुजतात. तीन आठवड्यांत शरीर ती जाळी पचवून टाकतं. मी चारशे बारा गुडघे केले यावर. एकालाही रक्त द्यावं लागलं नाही."

"मग झालं तर."

"नाही झालं." नांद्रेकरांनी प्रतिरूप बाजूला सारलं. "त्या चारशे बारा जणांच्या मागं खालच्या मजल्यावरची रक्तपेढी होती. वेळ आली असती तर दहा मिनिटांत पिशवी वर आली असती. तुमच्या मागं कोणी नाही. तुमचं वजन एकोणपन्नास किलो, अंगात रक्त सगळं मिळून सव्वातीन लिटर. सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं यंत्र मी जवळ ठेवीन, पण ते फार तर निम्मं परत देतं. माझा या जेलवर विश्वास आहे. तरी तुम्हाला हे सांगितल्याशिवाय मी सुरी धरणार नाही."

"माझंच रक्त आधी काढून ठेवलं तर?" मालननं विचारलं.

"हिमोग्लोबिन दहा आहे. काढलं तर आणखी खाली जाल. त्यापेक्षा सहा आठवडे लोहाची इंजेक्शनं घ्या. बारा-साडेबारावर आणू. तोवर यादीतल्या दात्यांना विचारू."

विचारलं. त्या भागातले यादीत पाच जण होते. एक परदेशात गेलेला, एक गरोदर, एकाला नुकतीच कावीळ होऊन गेलेली, एकाचा फोन लागेना. पाचवा प्रल्हाद.

"त्याला विचारू नका," मालननं बजावलं. सहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन साडेबारा झालं आणि तिनं कागदावर सही केली. ठसठशीत, पूर्ण नावाची.

घरी केतकी चिडली. "आई, हा हट्ट आहे. जिवाशी खेळ आहे."

"खेळ नाही. डॉक्टरीणबाईंचं गणित मी नीट ऐकलंय. मला पटलंय. आठ महिने घरात बसून मी काय जिवंत होते?"

"मामाला एक फोन केला तर काय होईल?"

"काय होईल ते मला माहीत आहे. तो येईल. रक्त देईल. आणि मग मला त्याच्यापुढं गप्प बसावं लागेल. एकदा त्यानं जीव वाचवला म्हणून तुझ्या लग्नाच्या वेळी मी त्याला जे बोलायचं ते बोलले नाही. नुसता फोन ठेवला. परत तसं नको."

मात्र यादी सांभाळणाऱ्या संस्थेनं नियमाप्रमाणं प्रल्हादलाही कळवलं होतं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी मालन खोलीत एकटीच होती. केतकी औषधं आणायला खाली गेली होती. दारावर टकटक झाली आणि प्रल्हाद आत आला. केस पांढरे झाले होते आणि शर्ट अंगावर सैल झाला होता. हातात पिशवी नाही, फळं नाहीत.

"अक्का."

"कुणी बोलावलं तुला?"

"संस्थेचा फोन आला. तुझं नाव सांगितलं नाही त्यांनी. बासष्ट वर्षांची बाई, मिरज, गुडघा, एवढंच. मी ओळखलं."

"मला रक्त नको आहे. लिहून दिलंय मी."

"माझ्याकडं नाहीच आहे द्यायला." तो दारातच उभा होता. "दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट आहेत. रक्त पातळ करायची गोळी रोज. माझं रक्त आता कुणी घेत नाही. यादीतून नाव काढा म्हणून सांगायचं राहून गेलं. म्हणजे, राहून गेलं असं नाही. सांगवलं नाही."

मालन त्याच्याकडं बघत राहिली. दोन स्टेंट. हे तिला कुणी कळवलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं.

"मग आलास कशाला?"

"बसू का?"

तिनं खुर्चीकडं मान केली. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

"खरं सांगू का अक्का? अकरा वर्षं मी तुझ्या फोनची वाट बघितली. म्हणायचो, कधी ना कधी हिला रक्त लागेल. मग माझ्याशिवाय कोण आहे? फोन येईल, मी जाईन, बाटली भरेन, आणि मग काही बोलायची गरजच राहणार नाही. सगळं आपोआप मिटेल. मग पेपरात त्या जेलचं वाचलं. त्याच महिन्यात माझ्या छातीत दुखलं. दोन्ही बाजूंनी रस्ता बंद. तेव्हा कळलं, की मी कशाच्या भरवशावर बसलो होतो."

"एक्केचाळीस वेळा रक्त दिलंस ना?" मालननं विचारलं.

"हो."

"त्यातल्या कुणाची जात विचारलीस?"

प्रल्हादनं मान खाली घातली. "नाही."

"एकाची तरी?"

"पिशवीवर गट लिहिलेला असतो, अक्का. दुसरं काही नसतं."

"हैदराबादला कोण होतं?"

"एक बाई. बाळंतपणातलीच. तिच्या नवऱ्यानं माझे पाय धरले होते."

"त्याच्या घरी जेवलास?"

"जेवलो."

"आणि माझ्या पोरीच्या लग्नाचं जेवण तुझ्या घशाखाली उतरलं नसतं."

हे बोलायला तिला अकरा वर्षं लागली होती. बोलून झाल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट अंग हलकं वाटलं. भाऊ समोर होता, आणि उद्या त्याच्या रक्ताच्या आधारावर ती टेबलावर जाणार नव्हती. त्यामुळं शब्द तोलायचं कारण उरलं नव्हतं.

"माझी चूक झाली," प्रल्हाद म्हणाला. "गावाची भीती वाटली. गाव पुढं विसरूनही गेलं. मीच तेवढा अडकून राहिलो."

"ते मला नको सांगू. ज्यांना सांगायचं त्यांना सांग. केतकी आता वर येईल. सुबोध तेरवा येणार आहे."

"सांगतो. पण आज मला हाकलू नकोस."

"बस," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "गोळी घेतलीस का दुपारची?"

केतकी औषधं घेऊन वर आली, मामाला पाहून दारातच थबकली, आणि परत खाली गेली. पाच मिनिटांनी ती तीन चहा घेऊन आली. तिनं मामाला चहा दिला, पण त्याच्याशी बोलली नाही. त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मालनला आत नेलं. कमरेत इंजेक्शन दिल्यामुळं खालचं अंग बधिर होतं, पण ती पूर्ण जागी होती. छातीच्या पुढं हिरवा पडदा होता. त्यापलीकडं करवतीचा आवाज आला, हातोडीचे ठोके आले. दुखत काहीच नव्हतं. नुसतं टेबल हलायचं.

तासाभरानं नांद्रेकर म्हणाल्या, "सांधा बसला. मालनताई, आता पट्टा सोडतेय. आकडे तुम्हालाही ऐकू येतील."

शोषनळीतून जाणाऱ्या रक्ताचं माप एका स्क्रीनवर उमटत होतं आणि सहायक डॉक्टर ते मोठ्यानं वाचत होता.

"तीस. पन्नास. साठ."

"जेल."

"दिलं. चाळीस सेकंद."

मालननं मनातल्या मनात चाळीस मोजले.

"सत्तर. एकाहत्तर. एकाहत्तर."

"छान," नांद्रेकर म्हणाल्या. "हाड बंद झालं."

मालननं श्वास सोडला. तेवढ्यात सहायकाचा आवाज बदलला. "नव्वद. एकशे वीस, मॅडम. एकशे साठ."

"आणखी जेल देऊ?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

"नको. हे झिरपणं नाही. ही वाहिनी आहे, मागच्या बाजूची. जेल तिथं वाहून जाईल. दिवा इकडं घ्या. अजून. हात काढा तुमचा."

"एकशे नव्वद."

मालन छताकडं बघत होती. भीती वाटली का, असं तिला नंतर केतकीनं विचारलं. वाटली, ती म्हणाली. पण डॉक्टरीणबाईंचा आवाज जराही चढला नव्हता. गर्दीच्या गाडीत घाटात ब्रेक सैल झाल्यावर जाणता ड्रायव्हर बोलतो, तसा होता तो. मग मीही गप्प पडून राहिले.

"दिसली," नांद्रेकर म्हणाल्या. विजेच्या टोकाचा चर्र आवाज झाला. जळका वास आला. पुन्हा एकदा चर्र.

"दोनशे दहा," सहायक म्हणाला. "दोनशे दहा. स्थिर आहे."

"पूर्ण एक मिनिट बघा."

मिनिट गेलं.

"दोनशे दहा."

"डॉक्टर," मालननं पडद्याअलीकडून विचारलं, "थांबलं ना?"

"थांबलं, मालनताई. जेलचं काम जेलनं केलं, माझं मी केलं. टाके घालते."

मात्र खरी परीक्षा पुढचे दोन दिवस होती, कारण आत लपून झिरपणारं रक्त याच काळात जातं. रोज दोनदा तपासणीला रक्त नेत, तेही लहान मुलांच्या बारीक नळ्यांत, थेंब वाया जाऊ नये म्हणून. हिमोग्लोबिन बारा. अकरा पूर्णांक सहा. अकरा पूर्णांक चार. मग आकडा तिथंच राहिला. नांद्रेकरांनी गुडघ्यावरची सूज दाबून पाहिली आणि पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या.

"यादीतल्या लोकांना आता कळवून टाकते," त्या म्हणाल्या. "तुमच्या गटाच्या माणसांना आजवर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला आम्ही नाहीच म्हणायचो. कितीजण घरात बसून असतील कोण जाणे. त्यांनी यावं."

प्रल्हाद दोन्ही दिवस तिथंच होता. पहिल्या संध्याकाळी केतकीच्या समोर उभा राहून तो जे सांगायचं ते बोलला. लांबण लावली नाही. केतकीनं ऐकून घेतलं.

"मामा, लग्नाच्या हॉलच्या दाराशी मी तुमची वाट बघत उभी होते," ती म्हणाली. "मुहूर्ताला गुरुजींनी आत बोलावलं तेव्हा गेले."

तो खुर्चीवर बसला आणि रडला. केतकीनं त्याला रडू दिलं. मग पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाली, "परवा सुबोध येतोय. त्याच्यापुढं असं रडू नका, तो गोंधळून जातो."

सुबोध तिसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरहून आला. तो शाळेत गणित शिकवायचा. उंच, अबोल माणूस. कॉरिडॉरमध्ये मालन वॉकर धरून उभी होती आणि फिजिओथेरपीची मुलगी तिला जिन्याकडं नेत होती. आज चार पायऱ्या चढायच्या होत्या.

प्रल्हाद पुढं झाला. "मी प्रल्हाद निकम. केतकीचा मामा. तुमच्या लग्नाला मी मुद्दाम आलो नव्हतो. ते चुकलं माझं."

सुबोधनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "अकरा वर्षं झाली त्याला," तो म्हणाला.

"हो."

"मला वाईट वाटलं होतं. माझ्या आईला जास्त."

"त्यांना भेटायला येईन. त्यांनी येऊ दिलं तर."

जिन्याशी सगळे थांबले. मालनला आधार द्यायला एका बाजूनं प्रल्हाद सरसावला, दुसऱ्या बाजूनं सुबोध.

"कुणी धरायचं नाही," मालन म्हणाली. "कठडा आहे मला. तुम्ही दोघं वर जाऊन उभे राहा. मी येते."

ते दोघे मुकाट्यानं वर गेले आणि चौथ्या पायरीवरच्या मोकळ्या जागेत शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांनाही हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"चढताना चांगला पाय आधी," फिजिओथेरपीची मुलगी म्हणाली.

मालननं डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला, कठड्यावर भार दिला आणि नवा गुडघा वर घेतला. दुखलं. पण गुडघा वाकला आणि त्यानं तिला पेललं. ती थांबली, श्वास घेतला, दुसऱ्या पायरीकडं पाहिलं.

वर सुबोध प्रल्हादला विचारत होता, "गलाईत शुद्धता मोजता कशी? म्हणजे, किती टक्के ते कळतं कसं?"

"पूर्वी नजरेनं कळायचं," प्रल्हाद सांगत होता. "रस उकळताना वर एक रंग येतो बघा, क्षणभरच. तो ओळखायला मला चार वर्षं लागली."

"क्षणभरच? मग तेवढ्यात..."

मालन तिसरी पायरी चढली, मग चौथी. ते दोघे बोलण्यात इतके गुंतले होते, की ती वर पोचल्याचं त्यांना कळलं नाही. तिनंही त्यांना हाक मारली नाही. ती कठडा धरून, स्वतःच्या दोन पायांवर उभी राहून ऐकत राहिली.